खरेदी धोरण व कंत्राट नियम (स्थानिक स्वराज्य संस्था)

महानगरपालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद यांसारख्या संस्थांनी वस्तू, सेवा व बांधकामे कोणाकडून, कोणत्या पद्धतीने आणि कोणाच्या मंजुरीने घ्यावीत हे ठरवून देणारी नियमव्यवस्था. पैसा करदात्यांचा असल्यामुळे अशा खरेदीत रास्त दर, खुली स्पर्धा आणि नोंदवलेली कारणे या तीन गोष्टी अनिवार्य मानल्या जातात. किमती, तंत्र व कायदे बदलत असल्याने हे नियम वेळोवेळी अद्ययावत करावे लागतात.

कायदेशीर आधार : महाराष्ट्रात मुंबईसाठी 1888 चा, इतर महानगरपालिकांसाठी 1949 चा, जिल्हा परिषदांसाठी 1961 चा आणि नगरपरिषदांसाठी 1965 चा अधिनियम लागू आहे. मुंबईच्या अधिनियमातील कलम 69 ते 72 कंत्राटांविषयी आहेत. ठरावीक रकमेपुढच्या कामासाठी करारापूर्वी किमान सात दिवस आधी स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात देऊन निविदा मागवणे आयुक्तांवर बंधनकारक आहे. निविदेविना कंत्राट द्यायचे तर स्थायी समितीने त्याची कारणे कार्यवृत्तात नोंदवावी लागतात. दैनंदिन तपशील लेखा संहितांत आणि शासन निर्णयांत येतात. शासनाच्या उद्योग विभागाने 1 डिसेंबर 2016 रोजी कार्यालयीन खरेदीची सुधारित नियमपुस्तिका काढली व तीन लाख रुपयांवरील खरेदीसाठी ई-निविदेची अट घातली.

खरेदीच्या पायऱ्या : किरकोळ वस्तू थेट, मध्यम रकमेच्या वस्तू किमान तीन दरपत्रके मागवून आणि मोठी खरेदी जाहीर निविदेने, अशी सर्वसाधारण उतरंड असते. निविदेत दोन लिफाफे असतात. पहिल्यात पात्रतेची व तांत्रिक कागदपत्रे आणि दुसऱ्यात दर. पहिला लिफाफा पात्र ठरल्यावरच दुसरा उघडतात. निविदाकाराला बयाणा रक्कम भरावी लागते. पात्र निविदांतील सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारल्यावर सुरक्षा ठेव, करारनामा व कार्यादेश हे टप्पे येतात. बांधकामानंतर दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते.

नियम बदलण्याची कारणे : रुपयांत लिहिलेली मर्यादा महागाईने आपोआप आक्रसते. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत 2005 साली दरपत्रकाविना खरेदीची मर्यादा 15 हजार आणि खरेदी समितीमार्फत करायच्या खरेदीची मर्यादा एक लाख रुपये होती. 2017 च्या नियमांत त्या अनुक्रमे 25 हजार व अडीच लाख झाल्या. दुसरे कारण तंत्रज्ञान. ऑगस्ट 2016 मध्ये जेम हे शासकीय ई-बाजारपेठ संकेतस्थळ सुरू झाले आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्रानेही ते स्वीकारले. तिसरे कारण नवे कायदे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे देयक देण्यासाठी करारात 45 दिवसांहून अधिक मुदत ठेवता येत नाही. जुन्या करारनाम्याच्या नमुन्यात हे कलम नसेल, तर तो नमुना बदलणे आवश्यक ठरते.

मर्यादा आणि पळवाट : मर्यादा ठरवताना नियमकर्त्याची खरी कसोटी लागते. ती फार खाली ठेवली, तर फुटलेली जलवाहिनी जोडण्याचे सामानही फाइलीत अडकते. फार वर नेली, तर स्पर्धा संपते. कोणत्याही मर्यादेखाली खरेदीचे तुकडे पाडण्याचा धोका राहतोच. समजा, नऊ लाखांचे पथदिवे घ्यायचे आहेत आणि ई-निविदेची मर्यादा तीन लाख आहे. मागणी प्रभागनिहाय चार भागांत विभागली, की प्रत्येक भाग मर्यादेच्या आत बसतो. लेखापरीक्षक अशा वेळी चारही नस्त्या शेजारी ठेवून पाहतात. मागणीपत्रांचे लागोपाठचे जावक क्रमांक, तीन वेगळ्या दुकानांच्या दरपत्रकांवर एकच हस्ताक्षर, दोन दर पहिल्यापेक्षा जेमतेम काही रुपयांनी जास्त, या खुणांवरून लेखाआक्षेप निघतो. म्हणून मर्यादा वाढवताना वर्षाची एकत्रित मागणी आधी ठरवण्याचे बंधनही घालणे हिताचे असते.

न्यायालयीन तत्त्वे : रमण दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण (1979) हा या विषयातील पायाभूत निवाडा आहे. मुंबई विमानतळावरील उपाहारगृह व दोन अल्पोपाहार केंद्रांच्या निविदेत नोंदणीकृत द्वितीय श्रेणी हॉटेलचालक असण्याची व पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती. कंत्राट मात्र ही अट पूर्ण न करणाऱ्याला मिळाले. सार्वजनिक संस्था स्वतः जाहीर केलेल्या निकषांनी बांधलेली असते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. अर्जदाराने उशीर केल्याने त्याला दिलासा मिळाला नाही, पण तत्त्व कायम राहिले. टाटा सेल्युलर (1994) निवाड्यानुसार न्यायालय निर्णयाची पद्धत तपासते, निर्णयाचे व्यावहारिक शहाणपण नव्हे.

अंमलबजावणी : नवा शासन निर्णय आल्यावर संस्थेने तो ठरावाने स्वीकारून निविदा व करारनाम्यांचे नमुने, मंजुरीचे अधिकार आणि नोंदवह्या त्यानुसार बदलायच्या असतात. निवडून आलेले सभागृह नसताना स्थायी समितीचे अधिकारही प्रशासकाकडे जातात. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपल्यावर असेच झाले. तेव्हा प्रस्ताव मांडणारा व मंजुरी देणारा एकच ठरतो आणि लेखी कारणांचे महत्त्व अधिकच वाढते. रकमेच्या मर्यादा काळानुसार बदलल्याच पाहिजेत. जाहीर निकष, समान संधी आणि नोंदवलेले कारण यांत मात्र कोणत्याही सुधारणेने सवलत देता कामा नये.