दिग्दर्शकांनीं दिग्दर्शकास दिलेला मान

कलावंताच्या गुणांची पारख कोणीं करावी, हा प्रश्न फार जुना आहे. गवयास श्रोत्यांच्या टाळ्या हव्या असतात, आश्रयदात्याची बिदागीहि हवी असते. परंतु मैफलींत बसलेल्या दुसऱ्या एखाद्या जाणत्या गवयानें नेमक्या जागीं मान डोलावली, तर तिचें मोल तो या दोहोंहून अधिक मानतो. ती जागा घेणें किती कठीण आहे, हें त्या दुसऱ्यासच ठाऊक असतें. चित्रपटाच्या धंद्यांत अशा जाणत्यांच्या पसंतीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे अमेरिकेंतील दिग्दर्शकांचा संघ, डायरेक्टर्स गिल्ड ऑफ अमेरिका, कथाचित्राच्या दिग्दर्शनासाठीं दरवर्षीं देतो तो पुरस्कार. ऑस्करचा निकाल काय लागेल याचें भाकित करण्यासाठीं या पुरस्काराकडे पाहण्याची वृत्तपत्रांस सवय जडली आहे. परंतु त्याचा इतिहास चाळला असतां आम्हांस त्यांत भाकितापेक्षां पुष्कळ गंभीर असें कांहीं दिसतें. समव्यवसायिकांच्या निवाड्यास वजन येतें तें केवळ त्यांच्या ज्ञानामुळें नव्हे. त्यांच्या स्वातंत्र्यामुळें व उदारपणामुळेंहि येतें. आणि हे दोन गुण कोणत्याहि मंडळीस आपोआप लाभत नाहींत.

संघ स्थापन झाला त्या काळची हॉलिवुडमधील दिग्दर्शकाची स्थिति आज खरी वाटणार नाहीं. मोठमोठ्या चित्रसंस्थांत तो पगारी नोकर असे. कथा दुसऱ्यानें निवडावी, नटनटी तिसऱ्यानें ठरवाव्या, आणि चित्रीकरण संपलें कीं फिती कात्री चालविणाऱ्यांच्या स्वाधीन कराव्या, असा परिपाठ होता. १९२७ सालीं निर्मात्यांच्या पुढाकारानें 'अकॅडेमी' निघाली होती व मालक-नोकरांमधील तंटे तिनेंच मिटवावे अशी अपेक्षा होती. परंतु १९३३ च्या मंदींत पगार कापले गेले, तेव्हां ही संस्था आपली नव्हे असें लेखकांस व नटांस कळून चुकलें, आणि त्यांनीं आपापले संघ काढले. दिग्दर्शक जरा सावकाश जागे झाले. १९३५ च्या अखेरीस त्यांच्यांतील कांहीं जण किंग व्हिडॉर यांच्या घरीं जमले, आणि जानेवारी १९३६ मध्यें 'स्क्रीन डायरेक्टर्स गिल्ड' या नांवानें संघाची रीतसर स्थापना झाली. व्हिडॉर हेच त्याचे पहिले अध्यक्ष होते.

संघ निघाला, पण निर्माते त्यास मान्यता देईनात. या झगड्यांत फ्रँक काप्रा पुढें आले. १९३९ सालीं ते अकॅडेमीचे अध्यक्ष होते आणि संघाचेहि नेते होते. आपण अकॅडेमीचें अध्यक्षपद सोडूं व ऑस्करच्या मेजवानीवर दिग्दर्शकांचा बहिष्कार घडवून आणूं, अशी धमकी त्यांनीं दिली, आणि ती लागू पडली. त्याच वर्षीं 'न्यूयॉर्क टाइम्स'ला लिहिलेल्या पत्रांत काप्रांनीं दाखवून दिलें कीं, शंभरांपैकीं ऐंशीं दिग्दर्शक आपणांस सांगितलें तसेंच दृश्य मुकाट्यानें घेतात, आणि नव्वदांना कथेंत किंवा संकलनांत कांहींच बोलतां येत नाहीं. हा तपशील आम्ही मुद्दाम देत आहों. ज्या माणसाचें चित्रपटांत काय आहे हेंच निश्चित नाहीं, त्याला उत्तम दिग्दर्शनाबद्दल बक्षीस कशाचें द्यावयाचें? पुरस्कार देण्यापूर्वीं दिग्दर्शन हें एकाचें काम आहे, हें आधीं मिळवावें लागलें.

तें मिळाल्यावर मग, दहा वर्षांनीं, पुरस्काराची कल्पना निघाली. आरंभीं दर तिमाहीस एक दिग्दर्शक निवडीत, आणि वर्षअखेर त्या चौघांतून एकाची निवड होई. पहिल्या वर्षाच्या चौघांत 'द सर्च'चे फ्रेड झिनेमन, 'रेड रिव्हर'चे हॉवर्ड हॉक्स, 'द स्नेक पिट'चे अनातोल लिट्वाक व 'ए लेटर टु थ्री वाइव्ह्ज'चे जोसेफ मँकिविक्झ होते. १९४९ सालीं हा पहिला मान मँकिविक्झ यांस मिळाला. दुसऱ्या वर्षाचा मान 'ऑल द किंग्ज मेन' या चित्रपटासाठीं रॉबर्ट रॉसेन यांस गेला. हीं दोन नांवें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. पुढें जें घडलें त्यांत दोघेहि सांपडले.

तो काळ अमेरिकेंत साम्यवादाच्या भीतीचा होता. १९४७ सालीं प्रतिनिधिगृहाच्या चौकशी-समितीपुढें उत्तर देण्याचें नाकारणाऱ्या दहा जणांस पुढें तुरुंगांत जावें लागलें; त्यांत एडवर्ड डिमिट्रिक व हर्बर्ट बायबरमन हे दिग्दर्शकहि होते. चित्रसंस्थांनीं काळी यादी सुरू केली. १९५० सालीं मँकिविक्झ संघाचे अध्यक्ष असतांना परदेशीं गेले, आणि त्यांच्या पाठीमागें सेसिल डिमिल व त्यांच्या अनुयायांनीं ठराव आणला कीं, आपण साम्यवादी नाहीं अशी शपथ प्रत्येक सभासदानें घेतलीच पाहिजे. मतदान गुप्त नव्हतें. मतपत्रिकेवर सही करावयाची होती. ५४७ मतें अनुकूल पडलीं व १४ प्रतिकूल. अशा वेळीं बहुमत म्हणजे काय असतें, हें निराळें सांगावयास नको.

मँकिविक्झ परत आले व त्यांनीं या प्रकाराबद्दल उघड नापसंती दर्शविली. त्यावर प्रतिपक्षानें त्यांस पदच्युत करण्यासाठीं रातोरात मतपत्रिका धाडल्या. त्यांवर 'होय' एवढेंच मत देण्याची सोय होती. त्यांच्या मित्रांनीं सर्व सभासदांची सभा मागितली. सभा बोलावण्यास पंचवीस सह्या लागत, आणि सही करणारा सभासद नियमांत बसणारा हवा होता. म्हणून ज्या शपथेची सक्ति त्यांस अमान्य होती, तीच आधीं घेऊन त्यांस अर्ज करावा लागला! २२ ऑक्टोबर १९५० रोजीं बेव्हर्ली हिल्स हॉटेलांत ही सभा भरली व मध्यरात्र उलटून गेली तरी चालली. शेवटीं जॉन फोर्ड बोलावयास उठले. ते कोणत्याहि अर्थानें डाव्या मतांचे गृहस्थ नव्हते, आणि म्हणूनच त्यांच्या शब्दांस वजन होतें. लोकांस काय रुचतें हें डिमिल यांच्याइतकें कोणासहि कळत नाहीं, असें त्यांनीं मोकळेपणीं कबूल केलें. पण आज डिमिल ज्याच्या बाजूनें उभे आहेत तें आपणांस मुळींच आवडत नाहीं, हेंहि त्यांच्या तोंडावर सांगितलें. अध्यक्षांवर विश्वास प्रकट करण्यांत आला, व सर्व कार्यकारी मंडळानें राजीनामा दिला.

ही कथा येथेंच संपली असती, तर ती एखाद्या बोलपटास शोभली असती. परंतु इतिहास इतका सोपा नसतो. थोड्याच दिवसांत खुद्द मँकिविक्झ यांनींच सभासदांस पत्र लिहून ती शपथ स्वेच्छेनें घ्यावी अशी विनंती केली. शपथ संघाच्या नियमांत राहिली ती १९६६ पर्यंत. त्या वर्षीं न्यायालयाच्या निकालानें ती निघाली. दुसरे मानकरी रॉसेन यांनीं १९५१ सालीं समितीपुढें सहकाऱ्यांचीं नांवें सांगण्याचें टाळलें व त्यांचें काम बंद पडलें. १९५३ सालीं त्यांनीं नांवें सांगितलीं, तेव्हां तें पुन्हां सुरू झालें. समव्यवसायिकांनीं एके वर्षीं डोक्यावर घेतलेल्या माणसास दोन वर्षांनीं त्यांचा मान वांचवूं शकला नाहीं. आणि १९५३ सालींच संघानें जीवनगौरवाचा नवा पुरस्कार, डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचें नांव देऊन, सुरू केला, त्याचे पहिले मानकरी झाले डिमिल! हें औदार्य होतें कीं विस्मरण, याचा निर्णय वाचकांनींच करावा. आमच्या मतें दोन्हींचा अंश त्यांत असावा.

स्वातंत्र्याची परीक्षा अशी अर्धवट उतरली. उदारपणाच्या परीक्षेस तर याहूनहि अधिक काळ लागला. डोरोथी आर्झनर या संघाच्या पहिल्या स्त्री-सभासद. १९५० च्या सुमारास आयडा लुपिनो जवळजवळ एकट्याच स्त्री-दिग्दर्शक म्हणून काम करीत होत्या. त्यामुळें संघाच्या सभेंत पुरुषांस उद्देशून बोलतांना त्यांचें एकटीचें नांव निराळें घ्यावें लागे, असें सांगतात. या पुरस्काराच्या उमेदवारांत पहिल्या स्त्रीचें नांव आलें तें १९७६ च्या वर्षासाठीं, आणि तेंहि इटलीच्या लिना व्हर्टम्यूलर यांचें. प्रत्यक्ष पुरस्कार प्रथम मिळविला कॅथरिन बिगेलो यांनीं, 'द हर्ट लॉकर' या चित्रपटासाठीं, २०१० सालीं. म्हणजे पहिल्या पुरस्कारानंतर ६१ वर्षांनीं. पुढें २०२१ मध्यें क्लोई झाओ व २०२२ मध्यें जेन कॅम्पियन यांस तो मिळाला. जाणत्यांची दृष्टि तीक्ष्ण असते खरी. परंतु ती ज्यांच्याकडे वळतच नाहीं, त्यांस तिच्या तीक्ष्णतेचा काय उपयोग?

आतां ऑस्करशीं असलेल्या नात्याविषयीं दोन शब्द. दोन्ही निवाडे बहुधा एकच येतात. पण ते जेथें वेगळे येतात, तेथेंच खरी गंमत आहे. १९७२ च्या वर्षीं संघानें 'द गॉडफादर'साठीं कॉपोला यांस निवडलें, तर अकॅडेमीनें 'कॅबरे'साठीं बॉब फॉसी यांस. १९८५ मध्यें 'द कलर पर्पल'बद्दल स्टीव्हन स्पीलबर्ग यांस अकॅडेमीनें दिग्दर्शकांच्या यादींतहि घेतलें नव्हतें. १९९५ मध्यें 'अपोलो १३'चे रॉन हॉवर्ड व २०१२ मध्यें 'आर्गो'चे बेन ॲफ्लेक यांचेंहि तसेंच झालें. तिघांसहि संघानें आपला मान दिला. जेथें दुसरीकडे दार बंद झालें आहे, तेथें आपल्या माणसाचें काम आपल्या मापानें मोजणें, हा संघाचा मूळ हेतु अशा वर्षीं स्पष्ट दिसतो.

१९९९ सालीं संघानें जीवनगौरवाच्या पुरस्कारावरून ग्रिफिथ यांचें नांव काढून टाकलें, कारण 'द बर्थ ऑफ ए नेशन' या त्यांच्या चित्रपटानें कृष्णवर्णीयांची केलेली विटंबना विसरणें शक्य नव्हतें. कलेच्या मोठेपणानें तो दोष धुऊन निघतो असें मानणारे तेव्हांहि होते. आम्हांस मात्र हा निर्णय या संघाच्या इतिहासाशीं सुसंगत वाटतो. या मंडळींनीं कात्री चालविणाऱ्या मालकाशीं झगडून आपलें काम आपलें म्हणून मिळविलें. एका रात्रीं आपल्यांतल्याच धाकाशीं झगडून आपलें मत राखलें, जरी तें पुरतें राखतां आलें नाहीं. आणि आपल्या दृष्टीची मर्यादा फार उशिरा कां होईना ओळखली. आपल्याकडेहि साहित्याचे, संगीताचे, नाट्याचे मान वाढत आहेत. ते कोणास मिळाले हें आपण आवडीनें वाचतों. ते देणारे कोणाच्या धाकाखालीं मत देतात, आणि त्यांच्या पंक्तींत अजून कोणास पान मांडलेलें नाहीं, हेंहि आपण विचारावयास शिकलें पाहिजे.