तळटीप १२ : ‘जुनी चर्च पाहायची तर आम्हा रत्नागिरीकरांना वसई गाठावी लागते’

१२. लेखकाचे हे विधान पोर्तुगीज काळातल्या मोठ्या चर्चपुरते घ्यावे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आले ते लुटायला. डिसेंबर १५०८मध्ये त्यांचा व्हाइसरॉय आल्मेदा याच्या आरमाराने दाभोळ बेचिराख केले. वसई मात्र १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून त्यांना मिळाली आणि दोनशे वर्षे त्यांच्याकडे राहिली. किल्ल्यातली चर्च त्या काळातली. छपरे गेली आहेत, पण सेंट जोसेफच्या मनोऱ्यातला चक्राकार जिना आणि जेझुइटांच्या चर्चचे दर्शनी खांब शाबूत आहेत. पायाखालच्या थडग्यांवर पोर्तुगीज लेख आहेत. भाषा कळली नाही तरी ते घाईने ओलांडू नयेत. कोरीव अक्षरांची मांडणी बघण्याजोगी आहे.

याच पानावर लेखक विचारतात, मनोरे आहेत तर घंटा कुठे? मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिकडच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. मेणवलीला, नाना फडणीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर, १७०७ सालची अशी घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. विजयाची खूण म्हणून आणलेल्या वस्तूवरची ती माउली कोणी खरवडून काढली नाही, ही गोष्ट मला लढाईच्या वर्णनांहून मोलाची वाटते. भीमाशंकरच्या अशाच घंटेवर १७२९ साल आहे. दर्शनाला जाल तेव्हा घंटा वाजवण्याआधी तेवढे जरूर वाचावे.

— संपादक