४-२० मिलीअँप सिग्नल म्हणजे काय?

मी जहाजांवरच्या कंट्रोल सिस्टिम दुरुस्त करतो. फोनमधला सेन्सर प्रोसेसरच्या अगदी जवळ असतो. इंजिन रूममधला मात्र लांबच लांब केबलच्या टोकाला. एवढ्या अंतरात व्होल्टेज वायरमध्येच थोडं कमी होतं, पण करंट पूर्ण सर्किटमध्ये सारखाच राहतो. म्हणून ४ ते २० मिलीअँपचा सिग्नल वापरतात. समजा, ऑइल प्रेशरचा सेन्सर ० ते १० बारचा आहे. मग ४ म्हणजे ० बार, १२ म्हणजे ५ आणि २० म्हणजे १०.

सुरुवात शून्यापासून का नाही? कारण वायर तुटली की करंट शून्य होतो. चालू इंजिनवर ४ दिसले तर प्रेशर गेलंय असं धरून इंजिन वाचवायचं. शून्य दिसला तर सेन्सर बोलतच नाहीये: आधी इंजिनवरच्या गेजवर प्रेशर बघा, मग मीटर घेऊन वायर तपासा.