शिकलगार आणि शिकणे : मिरजेच्या एका गल्लीतून शिक्षणविचाराकडे

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात फारसी-अरबीतून मराठीत आलेल्या शब्दांची चर्चा चालू असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, जो शिकला तो शिकलगार, असे म्हणता येईल का?" वर्ग हसला, आम्हीही हसलो आणि व्युत्पत्ती सांगून मोकळे झालो. 'शिकणे'चे मूळ संस्कृत 'शिक्ष्' धातूत आहे. 'शिकलगार' हा अरबी 'सैकल' म्हणजे झिलई या शब्दाला फारसी 'गार' प्रत्यय लागून झालेला. तलवारी-कट्यारींना पाणी देणारा, धार लावणारा तो शिकलगार. दोन्ही शब्दांचा परस्परांशी काही संबंध नाही. व्युत्पत्तीच्या दृष्टीने आमचे उत्तर बिनचूक होते. प्रश्न विचारणारा मुलगा मात्र मिरजेत सतारी घडवणाऱ्या एका घरातला होता, आणि त्याने जे विचारले होते ते व्युत्पत्तीपुरते नव्हते, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. प्रस्तुत लेख हा त्या उशिराच्या उत्तराचा एक प्रयत्न आहे.

विद्यापीठीय संशोधनात गेली काही दशके दोन विषयांची बरीच चलती आहे. एक, तंत्रज्ञानाच्या साहाय्याने होणारे अध्ययन. दुसरा, कामाच्या ठिकाणी होणारे शिक्षण. या विषयांवरचे शोधनिबंध वाचताना असे वाटू लागते, की हे दोन्ही प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आले आणि परदेशातून आपल्याकडे आले. सांगली जिल्ह्याचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास वेगळी साक्ष देतो. ही साक्ष इतिहासाइतकीच आम्हा भाषा-साहित्याच्या शिक्षकांच्याही कामाची आहे, असे आम्हांला वाटते.

मिरज हे पटवर्धन संस्थानिकांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी मुलखातील लढायांचे दिवस सरले होते आणि शस्त्रांना धार लावणाऱ्यांच्या हातांना काम उरले नव्हते. परंपरेने सांगितले जाते ते असे, की साधारण १८५०च्या सुमारास मिरजेतील फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगार बंधूंकडे बिघडलेली तंतुवाद्ये दुरुस्तीसाठी येऊ लागली. दुरुस्ती करता करता त्यांनी वाद्य उलगडून पाहिले आणि पुढे स्वतःच घडवायला घेतले. संस्थानिकांचा आश्रय मिळाला. 'शिकलगार' या आडनावाशेजारी 'सतारमेकर' हे आडनाव आले. मराठी माणसाने इंग्रजी 'मेकर' स्वतःच्या आडनावात इतक्या सहजपणे मुरवून घेतल्याची उदाहरणे थोडी असतील. गल्लीलाही तेच नाव मिळाले.

या आरंभकथेत शाळा नाही, पुस्तक नाही; फार काय, गुरूही नाही. आहे ते एक मोडलेले वाद्य आणि धातूच्या झिलईची सवय असलेला हात. एका धंद्यातले कौशल्य दुसऱ्या धंद्यात कसे उतरते, हा आजच्या शिक्षणशास्त्रातला मोठा प्रश्न. ज्या बोटांना पात्यावरचा केसाएवढा उंचवटा कळत होता, त्याच बोटांना पुढे तंबोऱ्याच्या घोडीवरचा उंचवटा कळू लागला असेल, असे मानायला जागा आहे.

घोडीचा उल्लेख आला आहे तर थोडे थांबायला हवे, कारण मिरजेच्या विद्येचे सार तिच्यापाशी आहे. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर भागातून येतो. तो भिजवून, कापून, हव्या त्या आकारात आणतात. त्याला गळा आणि दांडी जोडतात, तबली बसवतात, खुंट्या, मणी, तारा येतात. इथवर वाद्य दिसायला पुरे झालेले असते. बोलायला लागलेले नसते. त्याला बोलते करण्याचे काम म्हणजे जवारी. घोडीचा माथा सपाट नसतो, अगदी हलका उताराचा असतो. तो कानसीने घासत, तार छेडून ऐकत, पुन्हा घासत असा जागेवर आणावा लागतो, की तार त्या उतारावर ओझरती टेकत राहावी. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. त्याला कारागीर 'जीव' म्हणतात. तो योग्य जागी आला की तारेतून स्वरांचा झुबका उमलतो. रेसभर इकडेतिकडे झाला की तार मुकी होते. जवारीचे काम घरातल्या सर्वांत जाणत्या हाताकडे असते. ते शिकवण्याची सूत्रे नाहीत. ऐकणे आणि घासणे ही एकच क्रिया होईपर्यंत शेजारी बसणे, हाच अभ्यासक्रम.

या शेजारी बसण्याला विद्यापीठात प्रतिष्ठा मिळाली ती बरीच उशिरा. १९९१ साली जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी प्रसंगनिष्ठ अध्ययनावरचे आपले छोटे पण प्रभावी पुस्तक प्रसिद्ध केले. लेव्ह या मानवशास्त्रज्ञ. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात शिंप्यांच्या दुकानांत उमेदवार कसे शिकतात, याचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला होता. त्यांना दिसले ते असे : कपडा तयार होण्याचा क्रम आणि कपडा शिकण्याचा क्रम एकमेकांच्या उलट असतात. दुकानात आधी कापड बेततात, मग शिवतात, शेवटी गुंड्या-काज्यांचे हातकाम करतात. उमेदवार मात्र गुंड्यांपासून सुरुवात करतो आणि बेतण्यापर्यंत शेवटी पोचतो. चूक झाली तरी माल वाया जाऊ नये असा त्यात हिशेब असतो, आणि पुऱ्या वस्तूचे रूप उमेदवाराच्या डोळ्यांसमोर पहिल्या दिवसापासून असते. शिकणे म्हणजे डोक्यात माहिती भरणे नसून एखाद्या कामकरी समूहाच्या काठावरून हळूहळू मध्याकडे सरकणे होय, हे त्या पुस्तकाचे सांगणे.

मिरजेत हा क्रम थोडा वेगळा आहे आणि म्हणून बोलका आहे. येथे बनवण्याचा शेवट आणि शिकण्याचा शेवट एकाच बिंदूवर येतात : जवारीवर. शिंप्याच्या कामात शेवटचा टप्पा सर्वांत सोपा, म्हणून तो नवशिक्याचा. येथे शेवटचा टप्पा सर्वांत अवघड, म्हणून तो उस्तादाचा. कामाच्या ठिकाणचे शिक्षण एकाच साच्याचे असते, ही समजूत येथे ढासळते. प्रत्येक धंद्याची जोखीम कुठे आहे, त्यावर त्याचे शिक्षणशास्त्र ठरते.

आता प्रश्न तंत्रज्ञानाचा. मिरज-सांगली परिसरात संगीताच्या क्षेत्रात विद्या आणि यंत्र यांची गाठ विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीच पडली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे मिरजेशी नाते जडले होते; वाद्य स्वतः दुरुस्त करण्याइतकी त्यांची त्यात गती होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त सरकारी अधिकारी. त्यांनी खाँसाहेबांचे गाणे समोर ठेवून श्रुतींचे मोजमाप करण्याचा उद्योग मांडला आणि १९१० साली बावीस श्रुतींवरचे आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांच्या साहाय्याने या श्रुती वाजवणारी हार्मोनियमही लंडनमध्ये बनवून घेण्यात आली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर मोठा वाद झाला; पंडित भातखंडे यांनी त्या श्रुतिमांडणीलाच आक्षेप घेतला. वादाच्या तांत्रिक बाजूत आम्ही शिरत नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की गळ्यात वसणारे ज्ञान पट्ट्यांत बसवले तर ते सर्वांना सारखे शिकवता येईल, ही आशा आणि त्यात काहीतरी निसटते आहे ही शंका, दोन्ही तेव्हाच उच्चारल्या गेल्या. आज पडद्यावरच्या शिक्षणाविषयी आपण बोलतो ते फार वेगळे नाही.

दुसरी गाठ कलकत्त्यात पडली. चंद्रशेखर व्यंकट रामन तेव्हा कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक होते. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका टिपणात त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचा विचार केला. तार जिथे छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू येतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम होता. तंबोऱ्यात मात्र ते ऐकू येतात. रामन यांनी दाखवले की याचे कारण त्या रुंद, उताराच्या घोडीत आणि दोऱ्यामुळे साधणाऱ्या ओझरत्या स्पर्शात आहे. म्हणजे कारागिराचा 'जीव' हा भौतिकशास्त्राच्या एका नियमाला अपवाद ठरणारा दोरा निघाला. विद्यापीठाने कारखान्याचे ज्ञान समजून घेण्याचे इतके सुंदर उदाहरण आम्हांला दुसरे माहीत नाही. त्या टिपणाने जवारी का होते ते सांगितले. जवारी करता येण्यासाठी मात्र पुन्हा गल्लीतच जाऊन बसावे लागते. यात दोन्हींपैकी कुणाचाही कमीपणा नाही. दोन ज्ञाने आहेत, आणि एकाला दुसऱ्याची भरपाई करता येत नाही.

१९७९च्या सुमारास बंगळूरचे अभियंते जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. पुढे तो खिशात मावू लागला आणि आज मोबाईलवर फुकट मिळतो. यावर शोक करण्याची एक ठरावीक पद्धत आपल्याकडे आहे. ती आम्हांला मान्य नाही. चाळीतल्या एका खोलीत तंबोरा ठेवायला जागा नसलेल्या मुलीला या यंत्राने षड्ज दिला, हे उपकार लहान नव्हेत. तरीही एक धडा त्यात गळाला. लाकडी तंबोरा रोज जुळवावा लागतो; जुळवताना शिकणारा स्वतःच्या कानाची परीक्षा घेत असतो. यंत्र जुळलेलाच स्वर हाती देते. आमच्या मते शैक्षणिक तंत्रज्ञानाचे मोजमाप इथे करावे : ते शिकणाऱ्याची कोणती अडचण दूर करते, आणि त्या अडचणीतच धडा लपलेला नव्हता ना?

मिरजेहून पुण्याच्या गाडीने निघाले की वाटेत किर्लोस्करवाडी लागते. कामाच्या ठिकाणच्या शिक्षणाचा दुसरा नमुना तिथे घडला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानातील माळावर कारखाना आणि वसाहत उभारली. १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचे नियतकालिक निघाले. शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली त्याचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. त्याच्यामागून 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. नांगर आणि पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या अंगणात मराठी मध्यमवर्गाचे वाचन घडले. सतारमेकर गल्लीत ज्ञान हातातून हातात गेले, येथे ते छापील शब्दाच्या आधाराने कारखान्याबाहेर पडले. मराठी नियतकालिकांचा इतिहास शिकवताना आम्ही या मासिकांची वाङ्मयीन कामगिरी सांगतो. त्यांचा जन्म कामाच्या ठिकाणी झाला, हे एका वाक्यात उरकतो.

या दोन्ही परंपरांना औपचारिक शिक्षणात जागा देण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. काम करणाऱ्याने काम न सोडता शिकावे, आणि त्यासाठी छापील पाठांपासून ध्वनिफितींपर्यंत हाताशी असलेली साधने वापरावीत, हा विचार मराठीत रुजवण्याचे श्रेय मुख्यतः या विद्यापीठाला द्यावे लागेल. अलीकडच्या काळात अनुभवालाही श्रेयांक देण्याची भाषा धोरणांत आली आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वस्तूला मान मिळाला, ही आनंदाची गोष्ट. ती घडवणाऱ्या शिक्षणाला अजून नाव मिळायचे आहे. मानांकन गावाच्या नावाची नक्कल थांबवू शकेल. जाणत्या हाताशेजारी पुढचा मुलगा बसेलच, याची हमी ते देत नाही. मुलगा बसायचा तर त्या बसण्याला घराबाहेरही किंमत हवी.

आरंभी ज्याचा उल्लेख केला तो विद्यार्थी एम. ए. पूर्ण करू शकला नाही. मोठ्या मागणीच्या हंगामात तो आठवडेच्या आठवडे वर्गात येत नसे. घरच्या कामावर बसलेला असे. हजेरी भरली नाही म्हणून त्याचा अर्ज अडला, आणि त्या निर्णयावर आमचीही सही आहे. २०२०च्या टाळेबंदीत आम्ही मोबाईलच्या पडद्यावर वर्ग घेऊ लागलो, तेव्हा कॅमेरा बंद ठेवून दुसरीकडे काम करणाऱ्या मुलांनाही आम्ही उपस्थित म्हणून नोंदवले. नियमाने ते बरोबर होते. पण त्या दिवसांत तो मुलगा आम्हांला वारंवार आठवत राहिला. जिथे मन, कान आणि हात एकाच वेळी हजर असल्याशिवाय काहीच साधत नाही, अशा जागी तो बसलेला होता, आणि आमच्या पटावर तो गैरहजर होता.

'शिकलगार' आणि 'शिकणे' यांचा व्युत्पत्तीने संबंध नाही, हे आम्ही आजही वर्गात सांगतो. आता त्यापुढे मिरजेच्या गल्लीची ही हकिकतही सांगतो, आणि त्या गल्लीतून येणारे कोणी वर्गात असेल तर उरलेली हकिकत त्याला सांगायला लावतो. त्याच्या सांगण्याला अंतर्गत मूल्यमापनात गुण देण्याची सोय आमच्या हातात होती आणि आहे. ती आम्ही वापरू लागलो आहोत, एवढेच.