वेब सर्व्हरची कार्यक्षमता : अपाचे ते एनजिनएक्स

संगणकाच्या इतिहासात यंत्राच्या वेगाची नोंद विपुल आढळते, प्रतीक्षेची मात्र क्वचितच. एनसीएसए सर्व्हरवर आधारित अपाचे १९९५ मध्ये प्रकाशित झाला. युनिक्सवरील त्याच्या १.३ आवृत्तीत प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया राखली जाई. तिची कमाल मर्यादा २५६ होती आणि ती वाढविण्यासाठी सर्व्हर नव्याने कंपाइल करावा लागे. पान पाठविल्यानंतरही 'कीपअलाइव्ह'मुळे ती प्रक्रिया पुढील मागणीसाठी १५ सेकंद अडकून राही. अर्थात २५६ निष्क्रिय जोडण्या नव्या वाचकास दाराबाहेर ताटकळत ठेवू शकत. व्यवस्थापक मर्यादा वाढवीत, तेव्हा मेमरी अपुरी पडून यंत्र डिस्कचा आधार घेई व अधिकच मंदावे. वस्तुतः प्रतीक्षाकाळ घटविणे हाच अधिक शहाणपणाचा उपाय होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एकाच वेळी दहा हजार जोडण्या हाताळण्याचा प्रश्न मांडला. इगोर सिसोएव यांनी २००२ मध्ये आरंभिलेला व २००४ मध्ये खुला केलेला एनजिनएक्स हे त्याचे एक उत्तर ठरले : प्रक्रिया मोजक्या, प्रत्येकीकडे हजारो जोडण्या. अपाचेने २.२ मध्ये प्रतीक्षाकाळ ५ सेकंदांवर आणला; 'इव्हेंट' पद्धतीस मात्र स्थिर दर्जा मिळण्यास २०१२ मधील २.४ आवृत्ती उजाडावी लागली.