पिसांचे ओझे आणि पुण्याचे जिवाणू

१/ कोंबडीच्या वजनातील साधारण ५ ते ७ टक्के वाटा पिसांचा असतो. मांस बाजारात जाते, पिसे मागे उरतात. जाळली तर दुर्गंधी पसरते आणि पुरली तर ती दीर्घकाळ तशीच राहतात. या हट्टी कचऱ्यावरचा उपाय एका डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाकडे आहे. त्या उपायाची पुण्याशी जोडलेली ही कथा.

२/ पिसांचा सुमारे ९० टक्के भाग केराटिन या प्रथिनाचा असतो. आपले केस, नखे आणि जनावरांची शिंगेही याच कुळातली. केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. त्यामुळे पोटातील नेहमीच्या पाचक विकरांची तेथे डाळ शिजत नाही.

३/ हा प्रश्न मोठा झाला तो आधुनिक कुक्कुटपालनामुळे. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली. या समूहाचे मुख्यालय पुण्यात आहे. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. परसातील कोंबडी उद्योगात आली आणि मूठभर पिसांचे ढीग झाले.

४/ योगायोग असा की, सूक्ष्मजीवांना कामाला लावण्याची विद्या याच शहरात आधीपासून रुजत होती. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. पुढच्याच वर्षी तेथे औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह सुरू झाला.

५/ १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. बुरशीपासून पेनिसिलिन बनवणाऱ्या या कारखान्यातील संशोधक एम. जे. थिरुमलाचार यांनी एका सूक्ष्मजीवाला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव दिले. पिंपरी हे गाव अशा रीतीने जीवशास्त्राच्या नामावलीत जाऊन बसले!

६/ पिसांचे कोडे मात्र अमेरिकेत उलगडले. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातील जेसन शिह आणि सहकाऱ्यांनी कोंबड्यांच्या विष्ठेपासून वायू बनवणाऱ्या संयंत्रात पिसे विरघळवणारा जिवाणू शोधला व १९९० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘बॅसिलस लायकेनिफॉर्मिस’ असे त्याचे नाव. गंधकाचे बंध सैल झाले की त्याचे केराटिनेज हे विकर साखळ्यांचे तुकडे करते. उरतात अमिनो आम्ले व लहान प्रथिने, म्हणजे पशुखाद्य आणि खताचा कच्चा माल.

७/ केराटिनेज हे प्रथिने तोडणाऱ्या प्रोटिएज विकरांपैकीच एक. १९९८ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील माला राव, वासंती देशपांडे आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मजीवांच्या प्रोटिएजवर विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. जगभरचे संशोधक आजही त्याचा संदर्भ देतात.

८/ आता दुसरे संकट, जड धातूंचे. धातूंचा मुलामा देणाऱ्या आणि चामडे कमावणाऱ्या उद्योगांच्या सांडपाण्यात क्रोमियम असते. त्याचे षट्संयुजी रूप पाण्यात सहज विरघळते, पेशीत शिरते आणि कर्करोगास कारण ठरते. काही जिवाणू त्याला इलेक्ट्रॉन देऊन त्रिसंयुजी रूपात आणतात. हे रूप बरेच कमी विषारी असून गाळात बसते. पिसे पचवणे आणि क्रोमियम निवळणे ही दोन्ही कामे करणारे जिवाणूही सापडले आहेत. शिवाय पिसांच्या प्रथिनातील गंधकयुक्त गट स्वतःच धातू धरून ठेवतात. एका कचऱ्याने दुसऱ्या कचऱ्याला आवर घालावा, अशी ही शक्यता आहे.

९/ येथे एक सावधगिरी हवी. पीस नष्ट होते, धातू होत नाही. जिवाणू त्याचे केवळ रूप बदलतो. विषारी गाळ उचलून सुरक्षित ठेवला नाही, तर परिस्थिती बदलताच ते विष पुन्हा जागे होऊ शकते. प्रयोगशाळेतील चंचुपात्रात साधलेले काम मुळा-मुठेच्या काठी साधेलच, असेही नाही. तेथे तापमान, आम्लता आणि इतर जिवाणूंची स्पर्धा यांवर सारे अवलंबून असते.

१०/ म्हणूनच सूक्ष्मजीवांच्या संग्रहांचे मोल मोठे. २००९ साली पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या छत्राखाली आणखी एक संग्रह सुरू झाला. एखाद्या उकिरड्यातून आज वेगळा केलेला जिवाणू तेथे गोठवून जपला जातो. त्याचे काम काय, हे कदाचित पुढची पिढी ठरवील. पण तो हरवला, तर ठरवायला काहीच उरणार नाही.