हेमलकसा : विश्वासाच्या पायावर उभी राहिलेली लोकबिरादरी

इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम जेथे होतो, त्या भामरागडजवळ घनदाट अरण्यात हेमलकसा हे लहानसे गाव वसले आहे. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेला हा प्रदेश १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचा भाग होता. येथील माडिया गोंड समाजासाठी आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्पाची स्थापना केली. पित्याचे हे स्वप्न डॉ. प्रकाश आमटे यांनी आपले मानले. शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण सोडून ते अरण्यात आले. भूलतज्ज्ञ असलेल्या डॉ. मंदाकिनी आमटे यांनी त्यांना साथ दिली.

परंतु सेवा देणारा आला म्हणून सेवा घेणारा येतोच असे नाही. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की वाटा बंद होत. वीज तर सुमारे १७ वर्षे नव्हती. यापेक्षाही मोठा अडसर अविश्वासाचा होता. परक्या माणसांना पाहून माडिया दूर पळत. तेव्हा या दांपत्याने प्रथम माडिया भाषा आत्मसात केली. गंभीर भाजलेला, अपस्माराने ग्रस्त असा एक मुलगा आणि मेंदूच्या हिवतापाने मृत्यूच्या दारी पोहोचलेला एक माणूस त्यांच्या उपचारांनी बरे झाले. ही वार्ता पाड्यापाड्यांवर पोहोचली आणि रुग्णांची पावले हेमलकशाकडे वळू लागली. औषधोपचारासाठी कोणाकडूनही मूल्य घेतले गेले नाही.

रोग बरा झाला तरी अज्ञानामुळे होणारे शोषण थांबत नाही, हे ओळखून १९७६ मध्ये निवासी आश्रमशाळा सुरू झाली. विलास व रेणुका मनोहर, गोपाळ फडणीस यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी आपले आयुष्य या कार्याला वाहिले. कालांतराने याच शाळेतून डॉक्टर, वकील, शिक्षक घडले आणि त्यांतील काही आपल्याच समाजाच्या सेवेसाठी परतले.

डॉ. प्रकाश आमटे यांना २००२ मध्ये पद्मश्री आणि उभयतांना २००८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार प्राप्त झाला. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला बाबांचे निधन झाले होते. आमटे कुटुंबाची पुढची पिढीही या कार्यात उतरली आहे. तथापि या कार्याचे खरे मोजमाप पुरस्कारांत नाही. एके काळी ज्या समाजाची मुले परक्याला पाहून पळत, त्याच समाजातील तरुण आज रुग्णाची नाडी पाहतात. सेवा घेणारा सेवा देणारा होतो, तेव्हाच लोकबिरादरी हा शब्द सार्थ होतो.